एसटीची पहिली पायरी

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गुडघ्याची गोष्ट तुलाच सांगावीशी वाटते. अकोल्याच्या आपल्या स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर तू पडलीस. हाड मोडलं नव्हतं, पण त्यानंतर तू बाजेवरून उतरणंच सोडलंस. कोणी हात द्यायला आलं की म्हणायचीस, "राहू दे, मले नको उठवू." आम्हाला वाटायचं, दुखतं म्हणून. नुसतं दुखणं नव्हतं ते, हे मला यंदा कळलं.

यंदा अमरावतीत माझा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, आता चाला. मी वॉकर धरून संडासापर्यंत जायची आणि परत येऊन पडायची. गुडघा वाकवला की आत टक्‌ वाजायचं, आणि वाटायचं, निसटला आता. व्यायाम करून घ्यायला बार्शीटाकळीची एक मुलगी घरी यायची. ती आली की मी झोपेचं सोंग घ्यायची. एके दिवशी ती परत गेलीच नाही, खुर्ची ओढून बसून राहिली. शेवटी मीच डोळे उघडले आणि रडत रडत त्या आवाजाचं सांगितलं. तिनं माझा तळहात माझ्याच गुडघ्यावर ठेवला आणि पाय हळूहळू वाकवला.

"वाजते ना काकू? वाजू द्या. नवा हाये, वाजनच. तुटून नाई राहिला."

त्या दिवशी मी पहिल्यांदा पाय पलंगावरून मोकळा खाली सोडला. मग अंगण झालं, मग गल्लीचं टोक. वॉकर सुटला, काठी आली, पुढे तीही दाराआड उभी राहू लागली.

गेल्या आठवड्यात ताईकडे अकोल्याला निघाले. हे गाडी करून देत होते. मीच म्हटलं, एसटीनं जाते, आणि एकटी जाते. पहिली पायरी केवढी उंच असते, तुला ठाऊक आहे. मी थबकले, मागे माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "सावकाश या मावशी, गाडी कुठं पळून राहिली." दांडा धरला, डावा पाय वर टाकला, मग नवा. खिडकीशी बसल्यावर मला हसूच फुटलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी पाय वाकवत होते, सरळ करत होते, आणि सारखं मनात येत होतं, तुझ्या बाजेशी असं कोणी बसून राहिलं असतं तर.

माझी धाकटी एकटी आली म्हणून ताई शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते: अकोल्याच्या स्टँडवर उतरताना मी डोळे गच्च मिटले होते.