लग्न टिकल्याने अडलेले नागरिकत्व

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नागरिकत्व शाखा, तालुका कचेरी, नोंग सान, उत्तर थायलंड.

विषय : घटस्फोट खरा मानून थाई नागरिकत्व परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'घटस्फोट संशयास्पद' असा शेरा असलेले आपले पत्र.

महोदय,

मी, बुआफान लोरेंत्स, वय ६६, सविनय सादर करते की,

१. जर्मन सुतार एकहार्ट यांच्याशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या देशाला दुसरे नागरिकत्व चालत नव्हते. मी थाई नागरिकत्व सोडले. आई रडत होती आणि मी तिला नव्या पासपोर्टातला फोटो दाखवत होते, इतकी माझी अक्कल. आता आम्ही गावी परतलो आहोत. जन्मले त्याच घरात राहते, हे दर तीन महिन्यांनी परदेशी म्हणून कळवते. आईची लमयाइच्या फळझाडांची बाग माझ्या नावावर होत नाही. "झाडं थाई, माती थाई, पोरगी तेवढी जर्मन," असे एक्क्याण्णव वर्षांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

२. आता दोन नागरिकत्वे जर्मनीलाही चालतात, आपल्यालाही. परंतु लग्नापायी सोडलेले नागरिकत्व लग्न संपल्यावरच मागता येते. माझे चुकले एवढेच की लग्न टिकले. सबब आम्ही आपल्याच कचेरीत घटस्फोट घेतला. सहीच्या वेळी एकहार्टनी माझा चष्मा शर्टाने पुसून माझ्या डोळ्यांवर चढवला. शेरा त्यामुळे पडला असावा.

३. त्यानंतर एकहार्टना बागेतल्या खोपटात हलवले. जेवायला मात्र ते घरीच येतात, कारण चिकट भात मी एकटीपुरता शिजवू शकत नाही. चौकशीला माणूस आला तेव्हा मी एकहार्टशी मुद्दाम कडाक्याचे भांडले. शेजारीण खामऐ त्या माणसाला म्हणाली, "हे रोजचंच. भांडायची थांबली की कळवते."

४. गेल्या खेपेस आपल्या लिपिकाने कळवळून सांगितले, "मावशी, नवरा वारला तरी लग्न संपतंच. त्यात कुणी शंका काढत नाही." एकहार्ट शेजारीच उभे होते. प्रकृती चांगली असल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. मी हसले आणि घरी येऊन रडले.

ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. थाई झाल्यावर मला त्यांच्याशीच पुन्हा लग्न करायचे आहे. तरी त्यांच्या हयातीत निर्णय व्हावा, ही हात जोडून विनंती.

तूर्त आपल्या दप्तरी परकी,
बुआफान लोरेंत्स
१२ मार्च, बुद्ध संवत २५६८

सोबत :
(१) घटस्फोटाचा दाखला
(२) श्री. एकहार्ट यांचा हयातीचा दाखला (आजचा)