यंदा फक्त ‘येतो’ म्हणायचं

१ जानेवारी, नाचणगाव. संध्याकाळ.

दिवाळीनंतर मी न सांगता महिनाभर भटकून आलो. तेव्हापासून आईनं माझ्या पाठीवरच्या बॅगेत लसूण भरून ती खुंटीला टांगली आहे. घरात कुठंही बसलो तरी ती दिसते. वास तर येतोच.

आज आई म्हणते, “नवीन साल लागलं. लिहून दे मले, यंदा कुठीच नाई जात म्हणून.”

लिहिलं. मग खोडलं. संक्रांतीपर्यंत तरी टिकेल का मी? माझं मलाच माहीत नाही, तर तिला खोटं काऊन लिहून देऊ?

त्यापेक्षा एवढंच जमवून पाहीन, निघताना ‘येतो’ म्हणायचं. मागच्या वेळी तेवढंही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तिनं ‘कुठी?’ विचारलं असतं.

लगेच करून पाहिलं. दूध आणायला निघालो आणि म्हटलं, “आई, येतो.”

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं आधी खुंटीकडं पाहिलं. बॅग जागेवर होती.

“बापा! दुधाले जातानी कधीपासून सांगून राह्यला तू?” मग हळूच, “येजो.”

दहा मिनिटांत परतलो, तर ती फाटकात उभी. हातातली शेंग तशीच, न सोललेली.