रायफलवरचा टॉर्च

१२ जानेवारी, सोमवार

दोनदा आंघोळ केली, तरी रक्त अजून नखांत आहे.

सकाळी कुवेत सिटीहून जहराच्या फार्मवर पोचले तर कुंपणाच्या आत सगळं लालच. भटक्या कुत्र्यांची टोळी पहाटे जाळीखालून उकरून आत शिरली. मेंढ्यांची पोटं फाडली आणि टाकून दिली. खाल्लंसुद्धा नाही! एका गाभण मेंढीची आतडी बाहेर लोंबत होती, आणि ती उभी. माझ्याकडे बघत उभी! तिला इंजेक्शन देऊन निजवलं, पोट चिरलं, कोकरू काढलं. तेही मेलेलं.

रियाजभाई एकटेच होते तिथे. खेडचे, पंपापासून मेंढ्यांपर्यंत फार्मचं सगळं तेच बघतात. फावडं घेऊन धावले होते म्हणे. ‘‘बाई, काय दिसलंच नाय. नुसते आवाज. फावडं मारलं तेपण मेंढीलाच लागलं.’’ आणि माझ्या वडिलांच्या वयाचा हा माणूस वाळूत बसून हमसून हमसून रडला.

मला रडू आलं नाही. मला मारायचं होतं. एकेकाला, नाव घेऊन मारावं तसं.

१३ जानेवारी, मंगळवार

मालकीण आली, लैला. मेंढ्यांच्या ढिगाजवळ उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. ‘‘दक्तोरा,’’ डॉक्टरीणबाईंना इथे असंच म्हणतात, ‘‘विष टाकू?’’ मी नाही म्हटलं. विष कोल्हा खाईल, ससाणा खाईल, कुणीही खाईल.

‘‘मग माझी रायफल.’’ ती नेमबाजी करते, शिकारीच्या रायफलीचं लायसन आहे तिच्याकडे. पण कुत्री येतात अंधारात. रायफलवर टॉर्च बसवावा लागेल. म्हणाली, जनावरांचे डोळे तुला कळतात, टॉर्च तू निवड.

मी! परभणीला जनावरांची डॉक्टर झाले ती यासाठी?

पण नाही म्हटलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

शिकारीच्या सामानाचं दुकान, कुवेत सिटीत. म्हातारा दुकानदार, टॉर्च दाखवायला मागच्या अंधाऱ्या गोदामात घेऊन गेला. मला वाटलं होतं, सगळ्यात झगझगीत तो घ्यायचा आणि निघायचं. तसं नसतं! पसरट उजेडाचा घेतला तर हवेतली धूळच उजळते, समोर पांढरी भिंत उभी राहते. मी निमुळत्या झोताचा निवडला, लांबवर जातो. लाल काच नको म्हटलं. लाल उजेडाने कुत्री कमी बुजतात हे खरं, पण मला मेंढी कुठली आणि कुत्रं कुठलं ते स्पष्ट दिसायला हवं.

स्वस्तातला एक होता, तो दुकानदारानेच बाजूला सारला. दोन बार उडाले की धक्क्याने विझतो म्हणे.

बटणावरून अडलं. एकाला मागे टोपणात खटका, एकदा दाबला की पेटलेलाच राहतो. दुसऱ्याला वायरीने जोडलेली रबरी पट्टी. ती नळीखालच्या लाकडावर चिकटवायची, डाव्या हाताने दाबली की उजेड, सोडली की अंधार. म्हातारा म्हणाला, खटक्याचा घ्या. घाबरलेल्या माणसाचा एक हात आवळला की दुसराही आवळतो. मी म्हटलं, मी घाबरत नाही. मला हात न हलवता उजेड पाहिजे.

पट्टीचा घेतला.

घरी नवऱ्याने, प्रज्वलने खोकं उघडून बघितलं. बँकेतून दमून आला होता. ‘‘योगिनी, तू डॉक्टर आहेस का शिकारी?’’ मी म्हटलं, तू त्या मेंढीला उभं बघितलं नाहीस. बनेद अल-गारच्या आमच्या बाल्कनीतून समुद्राचा वास येत होता, मला मात्र रक्ताचाच येत होता.

१८ जानेवारी, रविवार

सूर्य बुडाला, मगरीबची बांग झाली आणि अर्ध्या तासात कुत्री आली. लैला जीपमध्ये उभी, मी शेजारी. झोत टाकला—जाळीच्या पलीकडे डोळेच डोळे! हिरवे, जोडीजोडीने. कुत्र्याचे डोळे असे पेटतात, माणसाचे नाही पेटत. हे लैलाला मीच सांगितलं होतं.

बार. एक जोडी विझली. बार. दुसरं कुत्रं मागचे पाय ओढत गोल गोल फिरत राहिलं, किंचाळत. लैलाने पुन्हा मारलं. मी टाळ्या वाजवल्या.

हो. वाजवल्या!

१९ जानेवारी

आज आणखी. झोप छान लागते आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

लैलाने आज रायफल माझ्या हातात दिली. लायसन तिचं, मारायचं मी—हे कायद्यात बसत नाही, दोघींना माहीत होतं. ती म्हणाली, इथे कोण बघतंय?

टोळीची म्हातारी कुत्री होती, कान फाटलेली. गोळी डोळ्यांच्या मधोमध लागली. जवळ जाऊन पाहिलं तर आचळं भरलेली. पिलं असणार कुठेतरी.

एरवी मी अशा कुत्रीला उचलून टेबलावर घेतलं असतं. आज बुटाने उलटी केली. घरी येऊन प्रज्वलला म्हटलं, ‘‘आता मोठी कुठली उरली नसतील.’’ तो म्हणाला, ‘‘तुझा आवाज बदललाय गं.’’

२४ जानेवारी, शनिवार

लिहवत नाही.

२५ जानेवारी, रविवार

काल दुपारपासून वाळू उडत होती. सूर्य बुडायच्या आतच काळोख झाला. गोठ्यामागे मेंढ्या ओरडायला लागल्या. लैला म्हणाली, तू मार. मी जीपमधून उतरले. रायफलची सेफ्टी काढली, बोट चापावर. हीच चूक. पण पहिली चूक नाही.

मला फक्त बघायचं होतं! पण टॉर्च नळीवर. ज्याला बघायचं त्याच्यावर नळी रोखावी लागते. समोर काहीतरी खाली वाकून सरकत होतं. मी पट्टी दाबली. डावा हात आवळला, आणि उजवाही.

आधी आवाज. मग झोतात रियाजभाई. काखेत कोकरू, तोंडाला धुळीसाठी फडकं. त्यांचे डोळे पेटले नव्हते. माणसाचे नाही पेटत.

मांडीतून रक्त उडत होतं, पंपाच्या पाण्यासारखं. रायफल फेकली. ओढणी काढली, मांडीला आवळली, त्यांच्याच खिशातला पंपाचा पान्हा घालून पिळली, गुडघ्याने दाबून धरलं. ते काहीतरी पुटपुटत होते आणि कोकरू त्यांच्या छातीवर ओरडत होतं. लैला फोनवर अरबीत किंचाळत होती. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते बेशुद्ध होते.

पाय वाचेल म्हणतात. सरळ होणार नाही.

२६ जानेवारी, सोमवार

लैलाने पोलिसांना सांगितलं—रियाजने जीपमधून न विचारता रायफल घेतली, हाताळताना सुटली.

मी तिथेच होते. मला विचारलं, असंच झालं का? मी म्हटलं, मी मेंढ्यांकडे होते, बघितलं नाही.

बाहेर आल्यावर लैलाने माझा हात धरला. ‘‘माझं लायसन जाईल, दक्तोरा. तू तुरुंगात जाशील. त्याला फक्त कामावरून काढून भारतात घरी पाठवतील. त्याचं वय झालंच आहे.’’

प्रज्वलला सगळं सांगितलं. जेवण तसंच राहिलं. तो एवढंच म्हणाला, ‘‘तू काय ठरवशील त्याच्यात मी आहे. पण ठरव.’’

२८ जानेवारी, बुधवार

रियाजभाई शुद्धीवर आले. हॉस्पिटलात त्यांच्या दाराशी पोलीस बसवलाय. मी डॉक्टर म्हटल्यावर आत सोडलं, कुणाची डॉक्टर ते विचारलं नाही.

‘‘बाई, गोळी कुणी मारली? मला तर नुसता उजेड दिसला. आभाळ फाटल्यावानी पांढरा.’’ त्यांचे ओठ सुकले होते, मी कापूस भिजवून लावला. ‘‘हे पोलीस बोलतात, मीच मारून घेतली. मी बंदुकीला हात तरी लावला व्हता का? तुम्ही तर व्हता तिथं. तुम्ही सांगा ना त्यांना.’’

त्यांना ठाऊक नाही! आम्ही बोललो नाही तर कधी कळणारही नाही!

मी म्हटलं, जास्त बोलू नका, झोपा. आणि पळाले.

२९ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. ‘‘मी मारली, रियाजभाई.’’

त्यांनी नजर छताकडे नेली. मग म्हणाले, ‘‘काल खेडवरना बायकोचा फोन आला व्हता. विचारत व्हती, तुमी कशाला हात लावलात बंदुकीला? मी बोललो, चुकलं माझं. मलाच वाटायला लागलं व्हतं तसं.’’ आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितेय. प्रज्वल बाहेर गाडीत आहे. माझं नाव पुकारताहेत.