कपाट सरकवलं

३ मार्च
चाललं! भिंतीवर टांगलेल्या आमच्या फळीचे शेकडो तुकडे बिनतारी लहरी अशा वळवतात, की पलीकडच्या खोलीत निरोप स्वच्छ पोहोचतो, आणि कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याला — चोरून ऐकणाऱ्या यंत्राचं आमचं नाव — नुसती रोजची खरखर. निरोप काय होता ते सोडाच, निरोप गेला हेच त्याला कळत नाही! नुसतं बोलल्याबद्दल ज्यांना उचलून नेतात, त्यांच्यासाठी आहे हे. घरी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे भिंतीला चहाड्या न करायला शिकवलंस." अगदी तेच!

९ मार्च
प्रयोगशाळेत रंगारी आले. त्यांनी लोखंडी कपाट दाराकडे सरकवलं — आणि पहारेकऱ्याच्या पडद्यावर सपाट रेघेचा डोंगर उभा राहिला. सगळं कळतंय त्याला! म्हणजे अर्धी जादू कपाटाची होती. आमचं सगळं गणित या एकाच खोलीला, कपाटासकट, बेतलेलं.

सर म्हणाले, "कपाट जागेवर ठेव. शुक्रवारी बातमीदार बाई फळीचा संच न्यायला येतायत."

"त्यांच्या घरी असं कपाट आहे का, सर?"

"फार शहाणी झालीस."

झाले. त्यासाठीच शिकले.

१० मार्च
आई — "सरांशी वाकड्यात शिरू नकोस गं. आपल्या घरात पंख्याखालची ही पहिलीच नोकरी." बाबांनी माझा डबा पुढे सरकवला. मला वाटतं, तेही तेच म्हणत होते.

११ मार्च
नाही ऐकणार.

१३ मार्च
सर बाईंना पडदा दाखवत होते. "बघा, एकदम शांत!" मी कपाटाला खांदा लावला. केवढं करकरलं! डोंगर उभा.

"काय चाललंय हे?" सर ओरडले.

"बाईंचं घर करतेय, सर."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. फोन काढून जिन्याकडे धावल्या. रागावल्या असतील. रागावू देत! सर म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

आईला सगळं सांगितलं. तिनं तव्यावर फडकं तापत ठेवलं. मग म्हणाली, "इकडे ये, खांदा शेकून देते."

पुन्हा वेळ आली तर पुन्हा सरकवेन.

१५ मार्च
बाईंचा फोन. शुक्रवारचा संच दुसरा होता. पहिला सरांनी गेल्याच आठवड्यात दिला होता — मला न सांगता. बाईंचा धाकटा भाऊ त्यावरून रोज बातम्या पाठवत होता. जिन्यातून त्यांनी त्यालाच फोन केला. तो फळी काढून घरातून निघाला आणि तासाभरात उचलून नेणाऱ्यांनी त्याचं दार फोडलं.

भिंतीला नुसते चार खिळे मिळाले त्यांना.