येडूआय नावाचं झुडूप

ता. ३ मार्च १९३६, मंगळवार

चंद्रव्वाच्या शेळीनं आज पुन्हा माझं पोतं ओढून नेलं. हे आधी लिहिते. देवाचं नाव मागाहून. देव कुठं पळत नाही, शेळी पळते.

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न.

मास्तरीणबाईनं अक्षरं शिकवताना बजावलं, लिहिताना ‘हाय’ नाही, ‘आहे’ लिहायचं. लिहिते. बोलताना माझं तोंड माझं आहे. ही वही कुणाला दाखवायची नाही.

आता मुद्दा. माझा लेक येडू कारवारकडच्या जंगलात गार्ड आहे. तिथं पावसानं दगडालाही दाढी येते म्हणतो. संक्रांतीला आला तेव्हा पत्र्याच्या डब्यात एक झुडूप घेऊन आला. रेंजर साहेबाच्या जाड पुस्तकात ते नाही. साहेबानं सगळं पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं, नाही म्हणजे नाही. याचा अर्थ, जगाला ठाऊक नाही ते झाड सोलापुरात माझ्या परसात आहे.

शेजारचे बसलिंगप्पा मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवतात. ते म्हणाले, नवं झाड सापडलं की त्याचं वर्णन करायचं, ते पुण्याच्या कॉलेजातल्या साहेबांकडं पाठवायचं. त्यांना पटलं तर विलायतेच्या पुस्तकात छापून येतं. झाडाला नाव देतात.

नाव म्हटल्यावर मी उठून बसले.

चंद्रव्वा ही माझी धाकटी जाऊ. मरीआईच्या देवळाच्या पायरीवर तिचं नाव कोरलंय, म्हणून गावभर मिरवते. येणारा-जाणारा त्या नावावर पाय देतो. माझं नाव पुस्तकात येईल. पुस्तकाला पाय लागला तर लोक नमस्कार करतात.

ठराव: झाड मी जगवणार. वर्णन मी सांगणार. मास्तरनं फक्त लिहायचं.

ता. ५ मार्च

वर्णन सांगितलं. उंची वीतभर. पान विड्याच्या पानाएवढं, वरून तेल चोपडल्यासारखं, पालथं केलं की जांभळं. काटा नाही. वास भिजलेल्या घोंगड्याचा. मास्तर म्हणाले, ‘‘घोंगडं नको लिहायला.’’ मी म्हटलं, ‘‘मग तुमी हुंगा आन् सांगा.’’ हुंगलं. घोंगडं लिहिलं.

फूल लागतंच म्हणाले. फुलाशिवाय साहेब मानत नाहीत. आठ दिवसांत देते म्हटलं. शिवाय वर्णन शेवटी लॅटिन भाषेत करावं लागतं, तसा रूल झालाय. विचारलं, ती कोण बोलतं? कुणी नाही, मेलेली भाषा आहे. बरंच झालं. चुका काढायला कुणी येणार नाही.

ता. १२ मार्च

फूल नाही. झाड हट्टी आहे. चार पानं गळाली.

जंगलात पाऊस असतो, इथं नाही, एवढंच कारण. म्हणून पाऊस चालू केला. गिरणीचा भोंगा झाला की चाळणीतून पाणी. चारी बाजूंनी ओल्या पोत्यांचा पडदा. सून म्हणाली, ‘‘आत्याबाई, हितं प्यायला पानी न्हाई आन् झुडपाला न्हानं?’’ म्हटलं, ‘‘तू जानार हाईस का विलायतेला?’’ घागर उचलून आत गेली.

खत म्हणून चंद्रव्वाच्या शेळ्यांच्या लेंड्या घातल्या. पाटीभर. न विचारता. माझ्या पोत्याची भरपाई.

पडद्याआत आता कुणी यायचं नाही. फुलाआधी नजर नको. मास्तरनंही बाहेर उभं राहून लिहायचं.

ता. २७ मार्च

सगळी पानं गळाली. दुसरी बाई घाबरली असती. बाप्या माणूस तीर्थाला गेला की डोकं भादरतो, तो काय मरतो?

ता. ११ एप्रिल

फुटवा आला!

अगदी बुडातून नाही, दोन बोटं बाजूनं आला. जंगली आहे, त्याला घरची शिस्त कुठली? मधे एक वाळकी काडी उभीच होती, तिला सुतानं बांधला. आधार आयता मिळाला.

पानं बदललीत. बारीक, चिंचेच्या पाल्यासारखी. जुन्यासारखंच यायचं तर त्याला नवं झाड कशाला म्हणायचं? मास्तरला पडद्यातून सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘आज्जी, नक्की तेच झाड ना?’’ म्हटलं, ‘‘मग काय मी डब्यात झाडं बदलत बसलीया?’’

ता. २ मे

नावाचं निघालं. मास्तर म्हणाले, झाड येडूला सापडलं, तेव्हा नाव येडूचं.

तोंड कडू झालं. पाणी कोण घालतंय? येडू?

मग म्हणाले, पुरुषाचं नाव असलं की लॅटिनमध्ये शेवटी ‘आय’ लावतात. येडूआय.

येडूची आय कोण? मीच की! सगळी गल्ली मला येडूची आय म्हणते. मायाक्का म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलंच नाही. ही लॅटिन मेली असेल, पण शहाणी होती.

मास्तर म्हणत राहिले, ‘‘आज्जी, तसं नव्हे. ‘आय’ म्हणजे नुसतं चा-ची-चे.’’ म्हटलं, ‘‘चा-ची-चे समदं आयचंच असतं.’’ त्यांनी येडूआय लिहून घेतलं.

चंद्रव्वाला जाऊन सांगितलं. ती ताक घुसळत होती. म्हणाली, ‘‘झुडपाला अक्काचं नाव? मग काटं येतील बगा.’’

ता. १९ मे

काटे आले. पांढरे, जोडीजोडीनं. चंद्रव्वाचं तोंडच वाईट.

मास्तर म्हणाले, ‘‘मार्चात काटा नाही असं लिहिलंय.’’ म्हटलं, ‘‘मार्चात ते पाव्हनं हुतं. आता सोलापूरचं झालं.’’ खोडून नवं लिहिलं.

दुपारी जरा डोळा लागला तर चंद्रव्वानं पोतं वर करून आत बघितलं. ‘‘अक्का, जाली!’’ म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. अक्कलकोटकडची आहे, निम्मं बोलणं कानडी. तिचं कानडी मी लग्नापासून ऐकतच नाही. जाळी लाव म्हणत असणार. शेळ्या हिच्या आणि जाळी मी लावायची! तरी लावली. संध्याकाळी परत ‘जाली, जाली’. म्हटलं, ‘‘लावली की गं बाई, आनिक किती लावू?’’ तर पोट धरून खाली बसली.

जळते. दुसरं काय?

ता. १४ जून

फूल नाही. मास्तर म्हणाले, फुलावाचून कागद पाठवण्यात अर्थ नाही. म्हटलं, ‘‘पाठवा. साहेबाला म्हनावं फूल मागनं येतंय.’’ पाठवला.

देवळात गेले होते. चंद्रव्वाच्या पायरीवर पाय न देता वरच्या पायरीवर चढले. आता आपण मोठे, आपण समजून घ्यायचं. गुडघा दुखतोय.

ता. ९ जुलै, गुरुवार

येडू रजेवर आला. पाय धुवायच्या आधी परसात गेला. जाळी काढली, पोतं काढलं, उभा राहिला.

‘‘आये, ही बाभूळ हाय की.’’

चंद्रव्वा तिथंच होती. म्हणाली, ‘‘जाली म्हंजी दुसरं काय? कानडीत बाभळीला जालीच म्हंत्यात. कवाधरनं वरडतीया मी.’’

म्हटलं, बाभूळ डब्यात कुठून येईल? येडूनं बोटानं खत उकरलं. शेळी बाभळीच्या शेंगा खाते, बी लेंडीतून पडतं, ओल मिळाली की उगवतं. म्हणाला, ‘‘धनगराच्या घरात जन्मलीस आन् ह्ये मी तुला सांगू?’’ मला ठाऊक आहे. पण ते शेताचं झालं. विलायतेच्या झाडाच्या डब्यात बाभूळ उगवावी, एवढी अक्कल शेळीला नको?

मग त्यानं विचारलं, ‘‘माझं झुडूप कुटं हाय?’’

कुणी सांगायच्या आधी त्याचंच बोट त्या वाळक्या काडीवर गेलं. जिला मी बाभूळ बांधली होती.

मास्तर कुंपणापाशी आले होते. म्हणाले, ‘‘हरकत नाही, येडबा. पुढच्या खेपेला दुसरं आणा.’’

येडू म्हणाला, ‘‘दुसरं न्हाई. जंगलाची ती पट्टी कंत्राटदारानं तोडली. रेंजर साहेब लई हिंडले, एक न्हाई गावलं. ह्येच ऱ्हायलं हुतं.’’

चंद्रव्वानं पुढं होऊन सुताची गाठ सोडायला हात घातला, तर मी तिच्या हातावर मारलं. काडी आहे तिथं राहील. भोंगा झाला, चाळणीनं पाणी घातलं. उद्याही घालणार.

जेवणं झाली तरी कुणी माझ्याकडं बघेना. म्हणून मास्तरला हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कारवारचं बिनकाट्याचं झुडूप सोलापुरात येऊन बाभूळ झालं, हे आजवर कुणी बघितलं होतं? पुस्तकात आहे? नाही ना? मग हे तर आणखीन नवं. नाव तेच ठेवा. पुण्याला दुसरा कागद जाऊ द्या आणि खाली ठळक लिहा: याचं उत्तर मोठ्या साहेबानंच द्यायचं, कारकुनाच्या हातचं घेतलं जाणार नाही.