शब्दकाच यायच्या आधी

१२ जानेवारी, सोमवार

वीस फेब्रुवारी! तारीख जाहीर झाली एकदाची. संस्कृतीनं कॉलेजातून आल्या आल्या मोबाईल माझ्या नाकासमोर धरला — "पप्पा, शब्दकाच येतोय! मराठीसकट!" चष्मा आहे. समोरचा माणूस बोलेल ते काचेवर लिहून दिसणार. बहिऱ्यानं नुसतं वाचायचं.

'बहिरा' हा शब्द स्वतःबद्दल आज पहिल्यांदा लिहिला. उजवा कान गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी बंद पडला, बटण दाबल्यासारखा. डावा उतरणीला लागलाय. नगरचे डॉक्टर म्हणाले, नसेचं दुखणं आहे, मशिन लावून उपयोग नाही, ऑपरेशनची खात्री देत नाही. डावा वर्षभर टिकेल, नाहीतर उजव्यासारखाच एखाद्या सकाळी जाईल.

अठ्ठावीस वर्षं राहुरीत अॅम्प्लिफायर, माइक, भोंगे दुरुस्त करतोय. कुठला कोर्स केला नाही, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. पुस्तकं आणि कान, एवढ्यावर शिकलो. त्यातली पुस्तकं राहतील.

चष्म्यावर विश्वास नाही. माल विकणाऱ्यांची भाषा मला कळते.

१५ जानेवारी, गुरुवार

जाहिरात थांबवत थांबवत, एकेक चित्र पुढं सरकवून पाहिली. एक मिनिट बारा सेकंद. म्हातारा बसलाय, समोर नात. "आजोबा, मी पास झाले!" — आणि काचेवर अक्षरं. संगीत वगैरे. संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी.

पण एकोणचाळिसाव्या सेकंदाला 'आजोबा' हा शब्द काचेवर उमटतो, तेव्हा पोरीचं तोंड मिटलेलं आहे! चार चित्रं पुढं गेल्यावर ओठ उघडतात. म्हणजे हे यंत्र बोलायच्या आधीच ऐकतं. सात वेळा पाहिलं, मगच लिहितोय.

संस्कृतीला दाखवलं. "जाहिरात आहे पप्पा, अशाच करतात." अशाच का करतात? यंत्र खरं असेल तर खरं दाखवा. वजन अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय, बॅटरी किती तास ते कुठंच नाही!

चिडली. "तुम्हाला चूक सापडली की बरं वाटतं. पुढं आईशी कसं बोलणार आहात, ते सांगा ना."

मोबाईल तिला परत दिला.

१९ जानेवारी

बाजारात तिघांनी विचारलं, चष्मा घेणार का. म्हणजे गावाला कळलंय.

२६ जानेवारी, सोमवार

गहिनीनाथ मंडपवाल्याचा अॅम्प्लिफायर काल नीट करून दिला. मीटरवर सगळं बरोबर, काटा जागेवर. आज शाळेत झेंडावंदनाला लावला, तर भोंग्यात भुंगा, नुसती घूं घूं! आणि मी शेजारी उभा, मला पत्ताच नाही. गहिनीनाथ डाव्या कानाशी येऊन ओरडला — "वाल्मिकराव, भुंगा हाय की रं! हेडमास्तर भाषण करत्यात का मधमाश्या पाळत्यात?"

अर्थिंगची वायर सुटी होती. पूर्वी हे मला गेटातून कळलं असतं.

निघताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "यिऊ दे तुझा चष्मा. माझ्या शिव्या बी आता तुला लेखी मिळत्याल!" हसलो मी. मग दुकानात येऊन बसलो. सोल्डरिंग गन तापत ठेवली आणि तासभर काही केलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

इथं कबूल करायला हरकत नाही. आज जाहिरात परत पाहिली, आणि चूक शोधायला नाही पाहिली.

गिऱ्हाइकाचं कळलं नाही तर तो कागदावर लिहून देईल. बायकोचं, सुरेखाचं काय? ती भाकरी थापताना पाठमोरी बोलते. धुणं वाळत घालताना बोलते. निम्मं माझ्याशी, निम्मं स्वतःशी, माहेरचं पाथर्डीकडचं, भरभर. ते कुणी लिहून द्यावं असं नसतंच, ते नुसतं चालू असतं. आत्ताच त्यातलं अर्धं गळतंय. सगळं गळालं तर घरात काय उरलं?

भरवसा नाही. पण वाट बघतोय. दोन्ही खरं.

८ फेब्रुवारी, रविवार

नगरला सावेडीतल्या शोरूमला नमुन्याचा चष्मा आलाय, लाँचच्या आधी लोकांनी बघावा म्हणून. तिघं गेलो बसनं. ही रांग! निम्मे धडधाकट कानांचे, नुसते फोटो काढायला आलेले.

मॅनेजर सुहास म्हणून आहेत, तिशीतले. चष्मा माझ्या नाकावर बसवला, समोर उभे राहिले. काचेवर आलं — "काका, मी बोलतोय ते दिसतंय का?" प्रश्नचिन्हासकट! ऱ्हस्व-दीर्घ बरोबर! घड्याळ लावलं, सव्वा सेकंद उशीर. चालेल. मी त्यांना उगाच बोलतं ठेवलं — गाव कुठलं, मुलं किती. किती महिन्यांनी एखाद्याचं बोलणं "काय? काय?" न करता शेवटपर्यंत कळलं. महिनाभर खोटं ठरवलेलं यंत्र खरं निघालं आणि हरल्याचा मला आनंद झाला.

मग सुरेखाला पुढं केलं. लाजली. "काय बोलू? मला न्हाई बाई सुचत."

काचेवर: "काय बोलू मला न्हावी बाई सुचत."

वाचून दाखवलं. संस्कृती खिदळली. सुरेखाही हसली — "अवं, न्हावी कुठनं आला मधी? आमी कवा गेल्तो न्हाव्याकडं?" काचेवर: "आर्मी कवा गेली तो नव्याकडे." डाव्या कानाला खरं ऐकू येत होतं, डोळ्यांना भलतंच दिसत होतं. चौघंही हसलो. रांगेतली माणसंसुद्धा.

मग सुहास म्हणाले, "काकू, जरा शुद्ध बोला ना. मशिनला तेच कळतं."

सुरेखाचं हसू तिथंच थांबलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल बसमध्ये मी तिला म्हणालो, "बरोबर आहे त्यांचं. नीट बोलायला काय जातं?" लिहून ठेवतोय, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही.

मी विशीत असताना 'हाय' सोडलं. पुस्तकं वाचून वाचून 'आहे' केलं, कुणी शिकवलं नाही. त्याचा मला अभिमान आहे. मला जमलं तर तिला का नाही, असं वाटलं. राग आला तिचा. यंत्राचा यायला हवा होता.

बस कृषी विद्यापीठाच्या गेटापुढं गेल्यावर सुरेखा म्हणाली, "करते."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी भाकऱ्या थापताना सुरेखा पुटपुटत होती. जवळ जाऊन डावा कान लावला. "पाणी. पाणी. लोणी. नाही. नाही." 'ण'वर जीभ अडते, मग मागं जाऊन परत येते. संस्कृतीनं वाक्यं लिहून दिलीत, कागद पिठाच्या डब्याला टेकवलेला.

मला पाहिलं आणि सरळ उभी राहिली, शाळेत राहतात तशी. "आपण चहा घेणार का?"

आपण! चोवीस वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "अवं, च्या घ्या" — एवढंच असायचं. तेही अर्धं चुलीकडं बघून.

"घेतो," म्हणालो. आणि काय म्हणणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

घरात एक बाई आहे. सावकाश, सुटं सुटं बोलते, रेडिओवर बातम्या द्यायच्या तशी. मागून बोलत नाही. समोर येते, थांबते, मनात वाक्य जुळवते, मग बोलते. जे जुळत नाही ते गिळते. काल दिवसभरात तेवीस वाक्यं झाली. मोजली मी.

डाव्या कानात जे काय उरलंय ते या बाईचं ऐकण्यात चाललंय.

सांगावं, बस कर. जिभेवर येतं आणि थांबतं. वीस तारीख चार दिवसांवर आली. आणि चष्मा आलाच तर? तर तिचं हेच बोलणं मला आयुष्यभर पुरणार आहे. चार चित्रांची लबाडी पकडणारा मी, आणि या एका 'तर'पाशी येऊन आंधळा झालोय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी सात. शेजारचे आले, गहिनीनाथ आला. संस्कृतीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. स्टेजवर धूर, टाळ्या, काळा शर्ट घातलेला माणूस. तासाभरानं भाषांची यादी आली. मराठीच्या पुढं बारीकशी चांदणी. संस्कृतीनं यादीखालची बारीक टीप वाचली — 'पुढील टप्प्यात.' तारीख नाही.

"सावेडीत तर चालत होता!" मी म्हणालो.

"तो नमुना होता पप्पा." तिचा चेहरा पाहवत नव्हता.

गहिनीनाथ कानाशी येऊन म्हणाला, "म्हंजे त्यांच्या लेखी आपुन बोलतच न्हाई व्हय?" त्यालाही हसू आलं नाही.

सुरेखा दारात उभी होती. पदर सारखा करून माझ्यासमोर आली, थांबली. "मग आता आपण काय करायचे?" — 'ण' अगदी जागच्या जागी.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तू तुझं बोल. पाठमोरी बोल, भांडी घासताना बोल, जेवढं पोचेल तेवढं पोचेल. बसमध्ये बोललो ते चुकलं माझं. पण घरात सातजण होते, आणि चार माणसांत चूक कबूल करायची मला सवय नाही. एकट्यातसुद्धा नाही.

वाक्य नीट जुळवून ठेवलंय. सकाळी चहाच्या वेळी सांगतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सहा चाळीसला उठलो. डावा कान बंद आहे. दोनदा टाळी वाजवून पाहिली.

चहाच्या वेळी तिला सांगितलं. ठरवलेलं सगळं. माझा आवाज मला आला नाही. निघाला असावा, कारण ती रडली, आणि मग बोलायला लागली. भरभर, थांबतच नाही. मी ओठ बघतोय. 'हाय' म्हणतेय की 'आहे', कळत नाही.