सुनेच्या नावाची दवंडी

रिठद,
दि. ९ नोव्हेंबर १९७५

राजमान्य राजेश्री जगदेवराव यांना व्याही इंद्रभानचा वाकून रामराम. (वाकताना कंबर धरते, पण व्याह्यापुढे वाकायचं तर कंबरेचं कोण ऐकतो?) इकडे सर्व खुशाल. तिकडे मंगरूळपीरला आपली, विहीणबाई गोजराबाईंची आणि त्यांच्या गुडघ्याची तब्येत कशी आहे ते कळवावे. यंदा आमची ज्वारी बरी आहे, कपाशीबद्दल न विचारलेलं बरं.

आनंदाची बातमी अशी की मला एक मोठा आजार झाला आहे. साधासुधा नाही. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सारखं उठबस करवून तपासलं आणि इंग्रजी नाव सांगितलं, डिमेन्शिया. खोकला काय, हिवताप काय, आपल्याकडे कोणालाही होतो; हा नावानिशी झालेला मी या पट्ट्यातला पहिलाच असावा. याच्यात माणूस विसरत जातो. आधी नावं, मग वाटा, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे, अजून पुष्कळ दिवस शहाणे राहाल, तेव्हा पुढचं जे ठरवायचं ते आताच ठरवून टाका.

आजार उघडकीला आला तो वाशीमच्या बैलबाजारात. आमचे चिरंजीव, म्हणजे आपले जावई, आमचा ढवळ्या विकायला घेऊन गेले होते. (विकायला मीच सांगितलं होतं म्हणे.) मी मागून गेलो, तर एक बैल मनात भरला. शिंगं, वशिंड, चाल, सगळं माझ्या पसंतीचं. असणारच, कारण तो ढवळ्याच होता. मी दात पाहिले, चार खोडी काढल्या, रुमालाखाली बोटं धरून भाव पाडला आणि बैल घेतला. रुमालाखालचा हात आपल्या जावयाचा होता! बापाच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून त्या पोराने हूं की चूं न करता पैसे मोजून घेतले. (भाव मात्र मी असा पाडला की बाजूचे दलाल बघत राहिले. हे लिहिण्याचं कारण, व्यवहारात माझं डोकं अजून शाबूत आहे.) बैल घेऊन रुबाबात घरी आलो, तर आमची सून, म्हणजे आपली लेक विजयमाला दारातच म्हणाली, "मामाजी, आपलाच ढवळ्या इकत कायले आनला?"

जगदेवराव, माझं ठरलं ते तिथे, त्या दारात. पोरगा गुणाचा आहे, पण तो 'हो' म्हणणारा. विसरणाऱ्या माणसाजवळ 'नाही' म्हणणारं माणूस पाहिजे. मी कुठे राहावं, कोणाचं औषध घ्यावं, कशावर सही करावी आणि कशावर करू नये, हे पुढे विजयमालाने ठरवावं. शेत पोराच्या नावे करून दिलं. शेत त्याला आवरतं, मी आवरत नाही.

मग वाशीमला एका वकिलाकडे गेलो आणि रुबाबात म्हणालो, सुनेच्या नावे मुखत्यारपत्र करा. वकिलाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "पाटील, तुमची मती जाग्यावर हाय तवरच ते चालते. मती गेली का कागद गेला." मी म्हटलं, "मंग पानी आलं का वापस घ्याची छत्री मले कायले इकून राह्यले?" त्याला हसू आलं नाही. दुसरा रस्ता त्याने सांगितला तो असा की कोर्टात अर्ज करून मला रीतसर वेडा ठरवायचं, मग साहेब कोणाला तरी नेमतील. ज्या माणसाने स्वतःचा बैल स्वतः घासाघीस करून घेतला, त्याला वेडा ठरवायला कोर्ट कशाला पाहिजे?

म्हणून मी दवंडी दिली. गंगू कोतवालाकडून मजकूर पाठ करून घेतला की, पुढे कधी इंद्रभान पाटलांची मती फिरली तर त्यांचा शब्द धरू नये, सुनबाईंचा धरावा. कायद्याच्या तोडीचा मजकूर. पण गंगूला डफडं वाजवताना लांब वाक्य पेलत नाही. पारापाशी तो ओरडला, "ऐका हो ऐका! इंद्रभान पाटील येडे होनार हायेत हो! सुनबाईले इचारल्याबिगर त्याहिचं आयकू नोका हो!" दिवेलागणीला बाया डोळे पुसत घरी आल्या. त्यांची समजूत मलाच घालावी लागली. दुसऱ्या दिवशी रूपलाच्या हॉटेलात दुसरा चहा मागितला, तर तो म्हणाला, "थांबा, सुनबाईले इचारून येतो." आणि गेला हो खरंच! विजयमालाने नाही म्हणून सांगितलं. चहा हुकला, पण माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! आता तर शेजारचे दोघे भाऊ बांधाचं भांडण घेऊन तिच्याकडेच येतात.

ती स्वतः मात्र सहजासहजी कबूल झाली नाही. शेवटी म्हणाली, "जवर तुमाले समजते तवर मी तुमालेच इचारीन. मंग तुमी काय म्हनले असते ते पाहीन, अन् ठरवीन." असं वाक्य त्या वकिलाच्या एवढ्या मोठ्या कपाटात सापडलं नसतं. अशी मुलगी आपण मला दिली. व्याही म्हणून मी आपल्याला पुष्कळ टोमणे मारले असतील, पण एवढ्यासाठी जन्मभर आपला ऋणी आहे.

घरच्या सर्वांना माझा नमस्कार, लहानांना आशीर्वाद. (लहानांची नावं लिहिणार होतो. ती विजयमालाला विचारून पुढे कळवतो.)

आपला,
इंद्रभान

ता. क. लग्नात आपल्या बुंदीला पाक कमी पडला होता, असं मी आजवर म्हणत आलो. ते पूर्ण शुद्धीत म्हटलेलं आहे. आजाराच्या नावावर टाकू नये.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती वर लिहायचं धैर्य झालं नाही, आणि पत्र लिहायला बसलो तो तिच्यासाठीच. हे रोगी म्हणे पुढे जो जेवू घालतो त्याच्यावरच आळ घेतात. चोर म्हणतात, उपाशी ठेवते म्हणतात. दवंडी रिठदने ऐकली, मंगरूळपीरपर्यंत डफडं पोचत नाही. तेव्हा कधी माझं पत्र आलं की तुमच्या मुलीने माझे हाल केले, तर ते याच अक्षरात असेल आणि त्यातही राजमान्य राजेश्री असेल, पण ते खोटं समजावं. मी स्वतः दारात येऊन, रडून, देवाची शपथ घेऊन सांगितलं, तरी पोरीला एका शब्दानेही विचारू नये. विहीणबाईंनाही हे आजच वाचून दाखवावं. मला हातपाय धुवायला पाणी द्यावं, पोटभर जेवू घालावं आणि रिठदच्या मोटारीत बसवून द्यावं. विजयमाला फाट्यावर उतरवून घ्यायला येईल.